दुर्बिणीची अंशवर्तुळे : आकाशातील पत्ता शोधण्याची रीत

रत्नागिरीजवळच्या एका माध्यमिक शाळेत आकाशदर्शनाच्या शिबिरासाठी जाण्याचा योग आम्हाला आला. शाळेकडे देणगीतून मिळालेली साडेअकरा सेंटिमीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण होती. चंद्र, गुरू, शनी दाखवून झाले की ती पुन्हा प्रयोगशाळेच्या कपाटात जात असे. विज्ञानाच्या सरांनी आम्हाला आदल्या हिवाळ्यातली हकिगत सांगितली. देवयानी दीर्घिका दाखवणार म्हणून गावात निरोप गेला, पन्नासेक माणसे जमली. सर तासभर दुर्बीण इकडून तिकडे फिरवत राहिले, पण दीर्घिका काही सापडेना. माणसे कंटाळून घरी गेली. शेवटी उरलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, ती खरंच तिथे आहे ना?"

हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. पुस्तकात छापलेली गोष्ट ठरल्या जागी, ठरल्या वेळी स्वतः पाहता येते, हा तर विज्ञानाचा मुख्य आधार. ती सापडली नाही, तर विद्यार्थ्याजवळ फक्त पुस्तकावरचा विश्वास उरतो.

दुर्बीण कपाटातून काढल्यावर तिच्या तिवईवर बसवलेली दोन छोटी धातूची चाके दिसली. एकावर ० ते २४ असे आकडे, दुसऱ्यावर ० ते ९०. सर म्हणाले, "ही कशासाठी आहेत ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आम्ही ती शोभेची समजत होतो." हीच ती अंशवर्तुळे, म्हणजे सेटिंग सर्कल. सरांच्या अडचणीचे उत्तर दुर्बिणीवरच होते.

आकाशातले दोन आकडे

पृथ्वीवरील गावाचा पत्ता अक्षांश आणि रेखांश या दोन आकड्यांत देता येतो. रत्नागिरीचे अक्षांश १६ अंश ५९ कला उत्तर आणि रेखांश ७३ अंश १८ कला पूर्व. आकाशातील वस्तूचा पत्ताही असाच दोन आकड्यांचा असतो. पृथ्वीचे विषुववृत्त वाढवून आकाशाच्या गोलाला भिडवले की खगोलीय विषुववृत्त मिळते. त्याच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला वस्तू किती अंशांवर आहे, ते सांगणारा आकडा म्हणजे क्रांती. उत्तरेची क्रांती धन, दक्षिणेची ऋण.

दुसरा आकडा विषुवांश. पृथ्वीवर रेखांश ग्रिनिचपासून मोजतात, तसे विषुवांश वसंतसंपात बिंदूपासून पूर्वेकडे मोजतात. मात्र ते सहसा अंशांत न देता तासांत देतात, कारण सारे आकाश सुमारे २४ तासांत एक फेरी पूर्ण करताना दिसते. म्हणून १ तास म्हणजे १५ अंश आणि ४ मिनिटे म्हणजे १ अंश. ० ते २४ आकड्यांचे चाक विषुवांशाचे आणि ० ते ९० आकड्यांचे चाक क्रांतीचे, हे आता वाचकांच्या लक्षात येईल.

ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. आपल्या सिद्धान्तग्रंथांतही प्रत्येक नक्षत्राच्या योगताऱ्याचे स्थान ध्रुवक आणि विक्षेप अशा दोन आकड्यांनी दिलेले असते. या परंपरेचा साक्षेपी इतिहास 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या १८९६ च्या ग्रंथात लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित रत्नागिरी जिल्ह्यातल्याच मुरूडचे, दापोली तालुक्यातले.

अक्ष ध्रुवाकडे हवा

अंशवर्तुळे उपयोगी पडण्यासाठी एक अट आहे. दुर्बिणीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे खगोलीय उत्तर ध्रुवाकडे रोखलेला असला पाहिजे. अशा मांडणीला विषुववृत्तीय मांडणी म्हणतात. या अक्षाभोवती, ज्याला आपण ध्रुवाक्ष म्हणू, नळी फिरवली की फक्त विषुवांश बदलतो. त्याच्याशी काटकोनात असलेल्या दुसऱ्या अक्षाभोवती फिरवली की फक्त क्रांती बदलते. ध्रुवाक्ष चुकला की दोन्ही चाकांवरचे आकडे निरर्थक होतात.

ध्रुवाक्षाचा क्षितिजाशी होणारा कोन त्या गावाच्या अक्षांशाइतका असतो. रत्नागिरीत तो १७ अंश, दापोलीत पावणेअठरा, राजापुरात १६ अंश ४० कला. म्हणजे कोकणात ध्रुवाक्ष बराच आडवा असतो. येथेच आपली पहिली अडचण येते. बाजारात मिळणाऱ्या अनेक मांडण्या युरोप-अमेरिकेतील अक्षांश समोर ठेवून केलेल्या असतात आणि त्यांचा अक्ष २० अंशांच्या खाली उतरत नाही. या शाळेची दुर्बीण तशीच होती. उपाय सोपा निघाला. तिवईचा एक पाय उत्तरेला ठेवला. त्या पायापासून मागच्या दोन पायांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत अंतर होते ७५ सेंटिमीटर. सारी तिवई उत्तरेकडे ३ अंश झुकवायची, तर उत्तरेचा पाय ७५ गुणिले ३ अंशांची स्पर्शज्या, म्हणजे सुमारे ४ सेंटिमीटर आखूड करायला हवा. दहावीच्या मुलांनी हे गणित स्वतः केले. त्रिकोणमितीचा असा उपयोग पाहून त्यांना मौज वाटली.

मोठ्या यंत्रांनाही ही अट चुकत नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सर नॉर्मन लॉकियर यांची तुकडी विजयदुर्गावर आली होती. विजयदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. १९८१ पासून ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. (लॉकियर १८६८ च्या ग्रहणाला तेथे आले होते असे पुष्कळदा सांगितले जाते, पण त्या वर्षी ते इंग्लंडमध्येच होते.) खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. अशा वेळी उपकरणांचे अक्ष आधीपासून त्या जागेच्या अक्षांशाला जुळवून ठेवले नाहीत, तर सारा प्रवास फुकट जातो. याच ग्रहणाचे वेध पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले.

उटीच्या रेडिओ दुर्बिणीत तर या अटीचा मोठा सुंदर उपयोग केला आहे. गोविंद स्वरूप यांनी तिच्यासाठी मुद्दाम असा डोंगर निवडला, की ज्याचा उतार तेथील अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे ११ अंश आहे. त्यामुळे ५३० मीटर लांबीच्या त्या दुर्बिणीचा अक्ष आपोआपच पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला. १९७० पासून ती काम करते आहे.

उत्तर कशी ठरवावी

कोन जमला, पण दिशेचे काय? ध्रुवतारा दिसत असेल तर अक्ष त्याच्याकडे रोखावा. तो खऱ्या ध्रुवापासून सुमारे दोन-तृतीयांश अंश दूर आहे, पण शाळेच्या कामाला एवढे पुरते. परंतु रत्नागिरीत ध्रुवतारा क्षितिजापासून अवघ्या १७ अंशांवर. समुद्राकडून येणारे दमट धुरकट, एखादी टेकडी किंवा माडाची रांग एवढ्यानेही तो झाकला जातो. आमच्या त्या रात्री तो दिसलाच नाही.

येथे आमची चूक झाली. आम्ही होकायंत्रावर विसंबलो. दुर्बीण शाळेच्या गच्चीवर होती आणि गच्चीच्या सिमेंटमध्ये लोखंडी सळ्या होत्या, तिवईही लोखंडी. होकायंत्राने आम्हाला ठकवले, आणि पहिल्या प्रयत्नात आमचीही अवस्था सरांसारखीच झाली.

वास्तविक शंकूची जुनी रीत याहून भरवशाची. सपाट जमिनीवर एक काठी ओळंब्यात उभी करावी आणि तिच्या बुडाभोवती एक वर्तुळ काढावे. सकाळी काठीच्या सावलीचे टोक वर्तुळाला आत शिरताना जेथे स्पर्श करते आणि दुपारनंतर बाहेर पडताना जेथे स्पर्श करते, त्या दोन बिंदूंना जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते. तिच्यावरचा लंब ही उत्तर-दक्षिण रेषा. ती गच्चीवर एकदा रंगाने आखून ठेवली की दरवेळी खटाटोप नको.

रात्रीच चूक सुधारायची असेल, तर ताऱ्याच्या सरकण्यावरून ती ओळखता येते. याम्योत्तर वृत्ताजवळ आणि खगोलीय विषुववृत्ताजवळ असलेला एक ठळक तारा दुर्बिणीत घ्यावा आणि फक्त ध्रुवाक्षाभोवती नळी फिरवत त्याचा पाठलाग करावा. तारा हळूहळू दक्षिणेकडे सरकू लागला, तर अक्ष खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला ढळलेला आहे. उत्तरेकडे सरकला, तर पश्चिमेला. आमचा तारा पाच मिनिटांत सुमारे ६ कला, म्हणजे चंद्रबिंबाच्या पाचव्या भागाएवढा, दक्षिणेकडे सरकला. त्यावरून अक्ष पूर्वेकडे जवळजवळ ५ अंश चुकल्याचे निघाले. तिवई तेवढी फिरवली.

चित्रेपासून ओमेगापर्यंत

आता प्रत्यक्ष रीत पाहू. एप्रिलची अखेर होती. आम्हाला नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा हा बंदिस्त तारकागुच्छ दाखवायचा होता. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या या गुच्छात एक कोटीच्या आसपास तारे आहेत. टॉलेमीने त्याची नोंद तारा म्हणून केली होती. तो साधा तारा नाही हे एडमंड हॅले यांनी १६७७ साली सेंट हेलेना बेटावरून ओळखले. लंडनहून तो मुळीच दिसत नाही. रत्नागिरीतून मात्र तो दक्षिण क्षितिजावर साडेपंचवीस अंश चढतो. कमी अक्षांशाने ध्रुवतारा खाली नेला, पण बदल्यात दक्षिणेचा हा खजिना दिला.

त्याचा पत्ता : विषुवांश १३ तास २७ मिनिटे, क्रांती उणे ४७ अंश २९ कला. जवळचा ओळखीचा ठळक तारा चित्रा. तिचा पत्ता : विषुवांश १३ तास २५ मिनिटे, क्रांती उणे ११ अंश १० कला. दोघांच्या विषुवांशात दोन मिनिटांचाही फरक नाही. म्हणजे ओमेगा चित्रेच्या जवळजवळ थेट दक्षिणेला, ३६ अंश १९ कलांवर आहे.

कृती अशी :

१. कमी वर्धनाची नेत्रिका लावून चित्रा दृष्टिक्षेत्राच्या मध्यभागी आणावी.

२. क्रांतीचे चाक उणे ११ दाखवते का ते पाहावे. दाखवत नसेल तर चाक फिरवून जुळवावे. ते पक्के बसवलेले असेल तर फरक टिपून ठेवावा आणि पुढच्या वाचनात तेवढाच धरावा.

३. विषुवांशाचे सैल चाक फिरवून १३ तास २५ मिनिटे ही खूण दर्शकाखाली आणावी.

४. नळी फिरवून दोन्ही चाकांवर इष्ट वस्तूचे आकडे आणावेत. या उदाहरणात ध्रुवाक्ष घट्ट करून फक्त क्रांती ३६ अंशांनी दक्षिणेकडे नेली तरी चालते.

५. नेत्रिकेतून पाहावे. वस्तू दिसली नाही, तर आजूबाजूला एक-दोन अंश सावकाश शोधावे.

दुर्बिणीला मोटर नसेल तर तिसरी आणि चौथी पायरी चटकन उरकावी. आकाश थांबत नाही. एक मिनिट उशीर म्हणजे विषुववृत्ताजवळ पाव अंशाची चूक.

पहिल्या खेपेला, अक्ष ५ अंश चुकलेला असताना, आम्हाला काहीच सापडले नव्हते. गणित केल्यावर दिसले, की त्या चुकीमुळे दुर्बीण ओमेगापासून पावणेतीन अंश बाजूला जात होती. आमचे दृष्टिक्षेत्र अवघे सव्वा अंशाचे. मग तासभर काय, रात्रभर शोधले तरी योगायोगानेच सापडले असते! अक्ष सुधारल्यावर पुन्हा चित्रेपासून निघालो. दृष्टिक्षेत्राच्या कडेला एक फिकट, गोल, कापसाच्या बोंडासारखा ठिपका आला. नुसत्या डोळ्यांना त्या धुरकटात तेथे काही दिसत नव्हते. सरांनी पाहिले, आणि मग मुलांची रांग लागली.

घड्याळावरून शोधणे

ओळखीचा तारा ढगाआड असेल तर नाक्षत्र वेळ काढावी लागते. कोणत्याही क्षणी याम्योत्तर वृत्तावर जो विषुवांश असतो, तीच त्या जागेची नाक्षत्र वेळ. नाक्षत्र दिवस २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांचा असल्याने तारे रोज सुमारे ४ मिनिटे लवकर येतात. २१ आणि २२ सप्टेंबर यांमधल्या मध्यरात्री नाक्षत्र वेळ जवळजवळ शून्य असते. तेथून दररोज ३ मिनिटे ५६ सेकंद मिळवत जावे.

यात एक दुरुस्ती विसरू नये. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि रत्नागिरी त्याच्या ९.२ अंश पश्चिमेला. अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने रत्नागिरीची स्थानिक वेळ घड्याळाच्या ३७ मिनिटे मागे असते.

उदाहरणार्थ, ३० एप्रिलला रात्री ११.३० वाजले आहेत. स्थानिक वेळ १०.५३, म्हणजे मध्यरात्रीला १ तास ७ मिनिटे कमी. २२ सप्टेंबरच्या त्या मध्यरात्रीपासून ही मध्यरात्र २२१ दिवसांनी येते. २२१ गुणिले ३ मिनिटे ५६ सेकंद म्हणजे सुमारे १४ तास २९ मिनिटे. त्यातून १ तास ७ मिनिटे वजा केल्यास १३ तास २२ मिनिटे. चित्रेचा विषुवांश १३ तास २५ मिनिटे. म्हणजे त्या वेळी चित्रा, आणि तिच्याखाली ओमेगा, याम्योत्तर वृत्तावर असल्याच पाहिजेत. या हिशेबात चार-पाच मिनिटांची चूक राहते, पण कोणत्या रात्री किती वाजता कार्यक्रम ठेवावा हे ठरवायला तो उत्तम.

चाके किती अचूक?

विद्यार्थ्यांना यंत्राची मर्यादाही सांगावी. आमच्या चाकाचा व्यास ७ सेंटिमीटर, म्हणून परीघ सुमारे २२० मिलिमीटर. त्याला ३६० ने भागले की एका अंशाला ०.६ मिलिमीटर जागा येते. पेन्सिलीच्या टोकाएवढी वाचनात चूक झाली की अर्धा-एक अंश गेला. म्हणूनच कमी वर्धनाने, मोठ्या दृष्टिक्षेत्राने सुरुवात करायची, आणि शक्य तितक्या जवळच्या ताऱ्यापासून निघायचे. प्रवास छोटा असला की चूकही छोटी राहते.

जुन्या तारायादीतील आकडे घेताना आणखी एक काळजी घ्यावी. वसंतसंपात बिंदू स्थिर नसून दरवर्षी सुमारे ५०.३ विकला मागे सरकतो. साधारण ७२ वर्षांत एक अंश. १९५० सालासाठीचे आकडे आज वापरले तर एक अंशाहून अधिक फरक पडतो. वर दिलेले आकडे २००० सालासाठीचे आहेत. ताऱ्यावरून वस्तूकडे जाण्याच्या रीतीत दोन्ही पत्ते एकाच सालाचे घेतले, तर हा फरक जवळजवळ कटून जातो. हे संपातचलन हजारो वर्षे साठत जाते. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या 'ओरायन' या ग्रंथात वसंतसंपात मृगशीर्षात असल्याच्या वैदिक उल्लेखांवरून वेदांचा काळ काढण्याचा प्रयत्न केला, तो याच गतीच्या आधारे. त्यांच्या निष्कर्षाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, पण संपातचलनाविषयी नाहीत.

शाळेत करण्याजोगे

चाके नसलेल्या दुर्बिणीलाही ती बसवता येतात. २० सेंटिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची किंवा प्लायवूडची चकती घ्यावी. तिच्यावर एका अंशाला पावणेदोन मिलिमीटर जागा मिळते, म्हणजे आमच्या धातूच्या चाकाच्या जवळजवळ तिप्पट. विषुवांशाच्या चकतीवर २४ भाग करून प्रत्येक भागाचे १० मिनिटांचे, म्हणजे अडीच अंशांचे, सहा उपभाग करावेत. आकडे पूर्वेकडे वाढले पाहिजेत, एवढे ध्यानात ठेवावे. व्हर्निअर मापनाचे तत्त्व मुले शिकतातच. त्याची पट्टी जोडली तर वाचन आणखी सुधारेल.

सरावासाठी एक उदाहरण देतो. उत्तरा भाद्रपदेतील उत्तरेकडचा ठळक तारा : विषुवांश ० तास ८ मिनिटे, क्रांती अधिक २९ अंश ५ कला. देवयानी दीर्घिका : विषुवांश ० तास ४३ मिनिटे, क्रांती अधिक ४१ अंश १६ कला. दुर्बीण कोणत्या दिशांना किती फिरवावी, आणि १५ नोव्हेंबरला दीर्घिका रत्नागिरीच्या याम्योत्तर वृत्तावर घड्याळात किती वाजता येईल? (उत्तर : पूर्वेकडे ३५ मिनिटे म्हणजे पावणेनऊ अंश, उत्तरेकडे १२ अंश ११ कला, रात्री पावणेदहाच्या सुमारास.)

आज संगणकाने चालणाऱ्या दुर्बिणी मिळतात. बटण दाबले की त्या स्वतःच वस्तूकडे वळतात. भ्रमणध्वनीवरही आकाशाचे नकाशे असतात. ही साधने वापरू नयेत असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांच्या पोटातही हेच दोन आकडे आणि हीच नाक्षत्र वेळ असते, आणि सुरुवातीला एखाद्या ओळखीच्या ताऱ्यावर त्यांनाही जुळवून घ्यावे लागते. ज्याने एकदा हाताने चाके फिरवली आहेत, त्याला यंत्र चुकले तर का चुकले हे कळते.

पुढच्या नोव्हेंबरात सरांचे पत्र आले. दिवाळीच्या सुट्टीनंतर गावकऱ्यांना पुन्हा बोलावले होते. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची ती दीर्घिका दुसऱ्या प्रयत्नात सापडली. दुर्बीण सरांनी लावली नव्हती. आदल्या वर्षी प्रश्न विचारणाऱ्या त्याच विद्यार्थ्याने चाकांवरचे आकडे वाचून ती लावली होती.